इंग्लंडमधल्या खेड्यात बसने जाताय? आधी तिथला बसस्टॉप वाचायला शिका

लंडनमध्ये राहून एक वाईट सवय लागते, टाइमटेबल बघायचंच नाही, एक बस गेली की दहा मिनिटांत दुसरी येतेच. त्याच सवयीने मी एकदा एका खेड्यात दुपारी साडेतीनला बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो, बोर्डावर १५४० स्वच्छ छापलेलं, चार वाजले, सव्वाचार वाजले, बस काही येईना. मग डोळे फाडून वाचलं तर त्या रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात एस सी एच, आणि खाली तळटीप की ही बस फक्त शाळेच्या दिवशी. आणि तो नेमका ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, हाफ टर्म, शाळांना सुट्टी. पुढची बस दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी! टॅक्सीला ३४ पाउंड गेले, वर टॅक्सीवाल्याने रस्ताभर "बोर्ड वाचला नाही का" हे वेगवेगळ्या शब्दांत विचारून घेतलं ते वेगळंच.

त्यानंतर बरीच खेडी बसने फिरलो आणि एक गोष्ट कळली की तो खांब, ती पाटी, ते शेल्टर आणि आजूबाजूचं पन्नास-शंभर पावलांचं आवार यात लागणारं जवळपास सगळं लिहिलेलं असतं, फक्त ते कुठे लिहिलंय हे माहीत पाहिजे. गाडी नसलेल्यांसाठी, आईवडिलांना घेऊन फिरणाऱ्यांसाठी आणि पायी भटकणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी, घरून निघायच्या आधी, परतीची बस बघायची. जायची नाही, परतीची. जायची बस चुकली तर तुम्ही गावातच, म्हणजे स्टेशनजवळ कॉफी पीत बसता, परतीची चुकली तर शेतात उभे असता. बऱ्याच खेड्यांत शेवटची बस संध्याकाळी पाच-साडेपाचलाच जाते, काही ठिकाणी त्याच्याही आधी, रविवारी तर कित्येक खेड्यांत बसच नाही. काही खेडी अशी आहेत की तिथे आठवड्यातून एक-दोन दिवसच बस जाते, जवळच्या गावात बाजार असतो त्या दिवशी, सकाळी घेऊन जाते आणि दुपारी आणून सोडते, संपला विषय. २५ डिसेंबरला तर जवळजवळ कुठेच काही चालत नाही, आणि बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, बहुतेक ठिकाणी रविवारचं टाइमटेबल असतं किंवा काहीच नसतं.

हे असं का, तर लंडनबाहेर बस हा बहुतेक ठिकाणी खाजगी धंदा आहे. १९८५ च्या ट्रान्सपोर्ट अ‍ॅक्टने २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून बाकी इंग्लंडमधल्या बससेवा मोकळ्या केल्या, ज्या कंपनीला जिथे परवडतं तिथे ती बस चालवते, आणि जिथे परवडत नाही पण लोकांना गरज आहे तिथे कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक संस्था, पैसे देऊन चालवून घेते, म्हणजे तिच्याकडे पैसे असले तर. खेड्यातल्या दिवसाला चार फेऱ्या बहुतेक या दुसऱ्या प्रकारातल्या. त्यामुळे गेल्या वर्षीच्या कुठल्यातरी ट्रॅव्हल व्हिडिओत बघितलेली बस यावर्षी असेलच असं धरून चालू नका.

ऑनलाइन बघायला गूगल मॅप्स ठीक आहे पण मी बसटाइम्स डॉट ऑर्ग वापरतो, त्यात प्रत्येक स्टॉपचं पान असतं आणि बस नकाशावर कुठे पोचलीय ते बहुतेक वेळा दिसतं, कारण इंग्लंडमध्ये लोकल बस कंपन्यांना गाड्यांचं लोकेशन खुलं करावं लागतं. तरी बस दिसत नाही म्हणजे येत नाही असं नाही, कधी मशीन बंद असतं, कधी डोंगराआड सिग्नल नसतो. आणि शोधताना काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, नाव नीट बघा. न्यूटन, सटन, नॉर्टन, ब्रॉटन अशी नावं इंग्लंडभर पसरलेली आहेत, चुकीच्या सटनला पोचलेला एक माणूस मला भेटलाय आणि तो इंग्रजच होता.

उच्चाराचीही एक मजा आहे. ड्रायव्हरला गावाचं नाव सांगताना स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका. नॉरफकमध्ये स्पेलिंग बघून तुम्ही हॅपिसबर्ग म्हणाल, तिथे म्हणतात हेझब्रा. विमंडहॅम लिहितात ते विंडम, नॉर्थम्बरलंडमधलं अल्नविक लिहितात ते अ‍ॅनिक. लाज वाटत असेल तर फोनवर नाव मोठं करून दाखवा, मी अजून तेच करतो.

आता स्टॉप शोधायचा. शहरात खांब, पाटी, शेल्टर, डिजिटल बोर्ड सगळं असतं, खेड्यात यातलं एखादंच असेल. कधी नुसता खांब आणि वर छोटी पाटी, कधी विटांचं जुनं शेल्टर ज्यात पाटीच नाही (काही गावांनी १९५३ च्या राज्याभिषेकाची आठवण म्हणून शेल्टर बांधलीत, भिंतीत तशी फरशी बसवलेली दिसते), आणि कधी काहीच नाही, नुसती सगळ्यांना माहीत असलेली जागा. उन्हाळ्यात अजून एक भानगड, रस्त्याकडेच्या कुंपणाची झाडी इतकी वाढते की पाटी आत गडप होते. पक्ष्यांच्या घरट्यांमुळे १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतकऱ्यांना शेताच्या कुंपणाची छाटणी साधारणपणे करता येत नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये स्टॉप शोधताना वर न बघता पानांच्या आत बघा.

स्टॉपच्या नावांवर भरवसा ठेवताना पण जरा जपून. स्टॉपचं नाव पोस्ट ऑफिस असतं आणि तिथलं पोस्ट ऑफिस बंद होऊन तिथे कोणाचंतरी घर झालेलं असतं, दारावर ओल्ड पोस्ट ऑफिस अशी पाटी, बाहेर गुलाब. पबच्या नावाच्या स्टॉपचं पण तेच. आणि नावात लेन एंड किंवा क्रॉसरोड्स असेल तर समजून जा, हा म्हणजे आपला फाटा. बस मेन रोडवर सोडणार आणि गाव आत मैल-दीड मैल. आईवडील बरोबर असतील तर हे आधी नकाशात मोजून घ्या.

ऑनलाइन टाइमटेबलमध्ये स्टॉपच्या नावामागे ओ पी पी किंवा ए डी जे अशी अक्षरं दिसतात, पहिलं म्हणजे अमुक वस्तूच्या समोर, दुसरं म्हणजे तिच्या शेजारी. खेड्यात पुष्कळदा पाटी रस्त्याच्या एकाच बाजूला असते आणि उलट दिशेची बस समोरच्या बाजूला, गवताच्या पट्टीपाशी, काही खूण नसताना थांबते. इथे गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे ज्या दिशेला जायचंय त्या दिशेला तोंड करून उभे राहा, तुमची बाजू डावी. साधं आहे, फक्त एक फसवणूक सोडून. काही बस गावात आत शिरतात, ग्रीनभोवती, म्हणजे गावातल्या मोकळ्या हिरवळीभोवती, चक्कर मारतात आणि त्याच रस्त्याने बाहेर पडतात, तेव्हा दोन्ही दिशांच्या बस एकाच स्टॉपला थांबतात. अशा ठिकाणी पुढच्या काचेवरचं नाव वाचा आणि तरीही चढताना ड्रायव्हरला विचारा, दहा सेकंद लागतात.

टाइमटेबल वाचणं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि माझे ३४ पाउंड इथेच गेले होते, म्हणून जरा थांबून सांगतो. वेळ चोवीस तासांची असते आणि मधे टिंब नसतं, १४१० म्हणजे दुपारचे दोन दहा. उभा रकाना म्हणजे एक फेरी. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर काही अक्षर, आकडा, चांदणी आहे का ते आधी बघायचं, वेळ नंतर. एस सी एच किंवा तसलं काही असेल तर शाळेच्या दिवशीच, एस एच बहुतेक शाळेच्या सुट्टीत, एन एस म्हणजे बहुतेक शनिवारी नाही, पण प्रत्येक कंपनीची अक्षरं वेगळी म्हणून तळटीप वाचल्याशिवाय अर्थ लावायचा नाही. शाळेच्या सुट्ट्या काउंटीप्रमाणे थोड्या पुढेमागे होतात, पण फेब्रुवारीच्या मध्याला, मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी हाफ टर्म असतो एवढं डोक्यात ठेवा. टाइमटेबलच्या मधेच "या मिनिटांना दर तासाला, इतक्या वाजेपर्यंत" अशी ओळ असते, तिथे लोक "इतक्या वाजेपर्यंत" हे वाचतच नाहीत. आणि कोपऱ्यात हे टाइमटेबल कधीपासून लागू ती तारीख असते, ती दोन-तीन वर्षं जुनी असेल आणि कागद पिवळा पडला असेल तर नेटवरचं खरं धरा.

अजून एक बारकावा. टाइमटेबलमध्ये सगळे स्टॉप नसतात, मुख्य तेवढेच असतात, त्यांना टायमिंग पॉइंट म्हणतात. तुमचं छोटं खेडं दोन टायमिंग पॉइंटच्या मधे असेल तर तुमच्या स्टॉपची वेळ हा अंदाज असतो. नियमाच्या हिशोबात एक मिनिट लवकर ते पाचेक मिनिटं उशीर हे सगळं वेळेवरच धरतात. टायमिंग पॉइंटला लवकर पोचलेली बस थांबून राहते, पण मधल्या स्टॉपवर कोणी दिसलं नाही तर सरळ जाते. म्हणून दहा मिनिटं आधी पोचा, आणि पोचल्यावर लगेच परतीच्या बाजूच्या टाइमटेबलचा फोटो काढून ठेवा, तळटिपांसकट.

बस आली की हात दाखवायचा. हे सांगायला लागू नये, पण लोक स्टॉपवर फोनमध्ये डोकं घालून बसतात आणि बस निघून गेली की ड्रायव्हरच्या नावाने ओरडतात. शेल्टरमध्ये आत अंधारात बसला असाल तर ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. बाहेर या, खांबापाशी उभे राहा, आणि बस बऱ्यापैकी लांब असतानाच हात आडवा धरा, त्या अरुंद रस्त्यावर तिला ब्रेक मारायला जागा लागते. काही रस्त्यांवर हेल अँड राइड असतं, म्हणजे स्टॉप नाहीच, सुरक्षित जागा बघून कुठेही हात दाखवा, अगदी एसटीला दाखवतो तसा. वळणावर किंवा चढाच्या तोंडावर नको, तिथे ड्रायव्हर थांबणार नाही आणि त्याने थांबूही नये.

हिवाळ्यात हे सगळं अंधारात करावं लागतं. डिसेंबरमध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये पण चारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि खेड्यात रस्त्याला दिवे नसतात. फिकट रंगाचं जॅकेट घाला किंवा चमकणारी पट्टी बांधा, फोनचा टॉर्च लावून खाली जमिनीकडे हलवा, ड्रायव्हरच्या डोळ्यात मारू नका. स्टॉपपर्यंत चालताना फुटपाथ नसेल तर उजव्या बाजूने चालायचं, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा, हायवे कोडमध्येच तसं लिहिलंय. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी अशी पाटी दिसली तर तिथे नॅशनल स्पीड लिमिट, म्हणजे साध्या दुपदरी रस्त्यावर कारला ताशी ६० मैल, आणि रस्ता बैलगाडीएवढा असला तरी पाटी तीच. उजवीकडे आंधळं वळण आलं तर मात्र पलीकडच्या बाजूला जाऊन परत या.

पैशाचं सोपं आहे. इंग्लंडमध्ये सिंगल, म्हणजे एका बाजूच्या, तिकिटाला कमाल मर्यादा आहे, जानेवारी २०२३ पासून २ पाउंड होती, जानेवारी २०२५ पासून ३ पाउंड झाली आणि मार्च २०२७ पर्यंत तशी ठेवायचं जाहीर झालंय. बहुतेक कंपन्या यात आहेत. म्हणजे दीड तासाचा प्रवास असला तरी तीनच पाउंड, हे खरंच स्वस्त आहे, पण बस बदलली की परत तीन, म्हणून दोन-तीन बस बदलायच्या असतील तर डे तिकीट विचारा. जवळ जायचं असेल तर तीनपेक्षा कमी पण लागतात, आपणहून तीन पुढे करू नका, उतरायचं ठिकाण सांगा. कार्ड टॅप बहुतेक ठिकाणी चालतं, पण गावकऱ्यांनीच चालवलेल्या छोट्या मिनीबसमध्ये रोख लागू शकते, खिशात सुटी नाणी ठेवा, वीसची नोट काढली की ड्रायव्हरचा चेहरा बघवत नाही.

आईवडिलांच्या फुकट पासबद्दल बरेच जण विचारतात. तो पास इंग्लंडमध्ये कायम राहणाऱ्यांना मिळतो, सरकारी पेन्शनचं वय झालं की, किंवा अपंगत्व असेल तर. व्हिजिटर म्हणून आलेल्यांना नाही, वय काहीही असो. पासवाल्यांना आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर फुकट, म्हणून नऊ पंचवीसच्या बसपाशी आज्यांची रांग असते आणि त्या विचारतात, मी जरा लवकर आले का. यावरून ड्रायव्हर लोकांनी त्यांचं नाव ट्वर्ली पाडलंय, टू अर्ली भरभर म्हटलं की ट्वर्ली. साडेनऊनंतरची पहिली बस म्हणूनच गच्च असते, बसायला जागा हवी असेल तर त्याच्या पुढची धरा.

काही भागांत तर ठरलेली बसच नाही, आधी बुक करून बोलवायची असते. लिंकनशरमध्ये कॉलकनेक्ट, हर्टफर्डशरमध्ये हर्ट्सलिंक्स. अशा गावात स्टॉपच्या खांबावर टाइमटेबलच्या जागी फोन नंबर दिसतो. आधी नाव नोंदवावं लागतं, मग अ‍ॅपवरून किंवा फोनवरून वेळ मागायची, ते आपल्या सोयीची जवळपासची वेळ देतात. ऐनवेळी खांबापाशी उभं राहून नाव नोंदवायचं म्हटलं तर सिग्नल नसतो, म्हणून घरीच करा.

आता समजा पुढच्या बसला दीड तास आहे. शेल्टरमध्ये कुडकुडत बसू नका. आधी गावाचा नोटीस बोर्ड गाठा, पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीचा असतो, काचेच्या दाराचा, बहुतेक स्टॉपच्या जवळपासच. व्हिलेज हॉलमध्ये आज कॉफी मॉर्निंग आहे का, बसमध्ये काही बदल आहे का, रस्ता बंद आहे का, सगळं तिथे लागतं. रस्ता बंदची पिवळी नोटीस दिसली तर मनावर घ्या, बस त्या दिवशी गावात न येता बाहेरूनच जाऊ शकते.

लाल फोन बॉक्स दिसला तर त्यात फोन असेल असं समजू नका. तो नेहमीचा डबा म्हणजे के सिक्स, जाइल्स गिल्बर्ट स्कॉटने १९३५ मध्ये राजा पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवासाठी डिझाइन केलेला. बीटी या टेलिफोन कंपनीने नंतर गावांना हे डबे एक एक पाउंडात दत्तक दिले, आता कुठे त्यात पुस्तकं असतात, एक न्या एक ठेवा, कुठे डिफिब्रिलेटर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला शॉक द्यायचं यंत्र असतं. हा डिफिब्रिलेटर कुठे आहे ते येता-जाता बघून ठेवा, बरोबर वयस्कर माणूस असेल तर नक्कीच. पेटीला कुलूप असलं तरी ९९९ ला फोन केला की ते कोड सांगतात. पोस्टाची पेटी पण बघा, तिच्यावर त्या काळच्या राजा-राणीची अक्षरं असतात, व्ही आर असेल तर व्हिक्टोरियाच्या काळची. आताच्या राजाची, चार्ल्सची अक्षरं असलेली पहिली पेटी २०२४ मध्ये केंब्रिजशरमधल्या ग्रेट केंबोर्नला बसली, त्यामुळे तसली दिसली तर नवीनच आहे.

पाऊस आला तर चर्च. दिवसा पुष्कळ चर्चेस उघडी असतात, नसली तरी दारापुढचा पोर्च असतो, आणि फाटकावर छप्पर असेल तर त्याला लिचगेट म्हणतात, तिथून रस्ता दिसतो म्हणजे बसवर लक्षही राहतं. जवळच युद्धात गेलेल्यांचं स्मारक असतं, एवढ्याशा गावातली तीस-चाळीस नावं, एकाच आडनावाची तीन तीन, वाचताना गलबलतं. पहिल्या महायुद्धातून ज्यांची सगळी माणसं परत आली अशी थोडीच खेडी आहेत, त्यांना थँकफुल व्हिलेज म्हणतात, कॉट्सवोल्ड्समधलं अप्पर स्लॉटर तर दोन्ही युद्धांच्या बाबतीत नशीबवान.

पबमध्ये जायचं तर लक्षात घ्या की ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची, टेबलावर कोणी विचारायला येईल म्हणून बसलात तर बस येऊन जाईल. दुपारचं जेवण बऱ्याच ठिकाणी दोन-अडीचला बंद होतं आणि संध्याकाळी सहाशिवाय सुरू होत नाही, सोमवारी पुष्कळ पब बंदच असतात. दारू घेतलीच पाहिजे असं काही नाही, चहा-कॉफी किंवा लिंबू सोडा सांगा, आणि काहीतरी घेतलंत की टॉयलेटही वापरता येतं, जे खेड्यात दुसरीकडे मिळणं अवघड.

चालायचं असेल तर शेतातून जाणाऱ्या पायवाटा आहेत. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलीही. शेत खाजगी असलं तरी वाटेचा हक्क सगळ्यांचा, निर्धास्त जा, पण फाटक जसं होतं तसंच ठेवा, उघडं होतं तर उघडं. गाई वासरांबरोबर असतील तर लांबून वळसा घाला, त्या दिसतात तेवढ्या गरीब नसतात. कडेची नेटल नावाची झाडं लागली तर अंगाची आग होते, तिथले लोक शेजारीच उगवणारी डॉकची पानं चोळतात, मला काही फरक पडला नाही पण करायला काहीतरी मिळतं. नकाशा घरीच ऑफलाइन उतरवून घ्या, आणि चिखलात वेग निम्मा होतो हे धरून पुढच्या स्टॉपचा हिशोब करा.

आणि बस आलीच नाही तर? पंधरा-वीस मिनिटं थांबा, बसटाइम्सवर बघा, मग कंपनीला फोन करा, नंबर टाइमटेबलवर असतो. शेवटची बस असेल तर अंधार पडायची वाट न बघता पबमध्ये जाऊन टॅक्सीचा नंबर मागा, त्यांच्याकडे गावातल्या एक-दोन टॅक्सीवाल्यांचे नंबर असतात. खेड्यात उबर मिळेल या भ्रमात राहू नका. टॅक्सीवाले शाळा सुटायच्या सुमाराला मुलांना सोडण्यात अडकलेले असतात, त्यामुळे तो "सहाला येतो" म्हणाला तर हो म्हणा, भाडं फोनवरच ठरवून घ्या आणि पबचं नाव सांगा, स्टॉपचं नको, कारण टॅक्सीवाल्याला पब माहीत असतो.